प्लेग, टोचणी आणि आपला संशय

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्यास यावे आणि तेथून केडगावावरून दौंड गाठावे, हा प्रवास आम्हांला वरचेवर घडतो. गेल्या उपवासकाळात दौंडला घरभेटी करीत असता रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. पायाला फडके गुंडाळलेले, त्यातून पाल्याचा हिरवा रस झिरपत होता. मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी आठ महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या आणि मोबाईलवर कोणीतरी पाठविलेल्या निरोपाप्रमाणे एक काढा ते सकाळ-संध्याकाळ घेत होते. अंगठा काळा पडू लागला होता. आम्ही डॉक्टरांचा विषय काढताच ते म्हणाले, "फादर, एकदा फसलो तेवढे पुरे. ते सगळे एकाच माळेचे मणी."

फसल्याची हकिकतही त्यांनी सांगितली. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीची गर्भपिशवी एका खाजगी इस्पितळात काढून टाकण्यात आली. उशीर केल्यास कर्करोग होईल, अशी भीती घालण्यात आली होती. फंडातील पैसे गेले, वर कर्जही झाले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी ते कागद पाहिले आणि हे दुखणे औषधानेही बरे झाले असते, असे सांगितले. मावशी आतल्या खोलीत उभ्या राहून ऐकत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

आम्हांला तेथे चटकन उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्या बोलण्यातील पहिला अर्धा भाग खरा होता. दुसरा अर्धा त्यांचा पाय घेऊन जाणार, हेही दिसत होते. परतीच्या वाटेवर केडगावचे स्थानक लागले आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक प्रसंग मनात घोळू लागला. शंका कोठवर रास्त आणि तिचा आंधळा अविश्वास कोठे होतो, हा प्रश्न आपल्या या मुलखाने एकदा फार मोठी किंमत देऊन सोडविण्याचा प्रयत्न केला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तीव्र ताप आणि जांघेत किंवा काखेत गाठ असे रोगी आढळू लागले. हा प्लेग आहे, असे स्पष्ट म्हणण्याचे धैर्य प्रथम दाखविले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगास यांनी. हे गृहस्थ गोव्याचे, आपल्याच ख्रिस्तसभेचे. बंदराच्या शहराला प्लेगाचे नाव लागणे व्यापाराला परवडणारे नव्हते, त्यामुळे हे निदान अनेकांना रुचले नाही. सरकारने तज्ज्ञांकडून खात्री करून घेतली आणि व्हिएगास यांचे म्हणणे खरे ठरले. पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. धोबीतलावाला त्यांचा पुतळा आहे. त्याच्याकडे मान वर करून पाहणारा माणूस मात्र आम्हांला अद्याप भेटलेला नाही.

रोगाबरोबर अफवाही पसरल्या. इस्पितळात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या देहातून मोमियाई काढतात, ही त्यांतली एक. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आज ही अफवा ऐकून हसू येईल. पण त्या कामगारांनी पाहिले होते ते इतकेच, की इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नाही. प्लेगावर तेव्हा इलाजच नव्हता. उपचार ठाऊक नसलेले वैद्यक आणि कारण न सांगणारे सरकार, या दोहोंच्या मधल्या पोकळीत मोमियाई जन्माला आली.

१८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. २०२० साली कोरोनाच्या वेळी आपल्या राज्य सरकारने वापरला तो हाच कायदा. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आले. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. देवघरापर्यंत बूट गेले, स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांसमक्ष झाली, सामान जाळले गेले, रोग्याबरोबर निरोगी आप्तांनाही छावण्यांत नेऊन ठेवले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे शाळेच्या पुस्तकात प्रत्येकाने वाचलेले असते. त्याच मार्चच्या १० तारखेस सावित्रीबाई फुले प्लेगाने गेल्या, हेही आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः तेथे पोहोचविले आणि रोगाने त्यांनाच गाठले. एकाच महिन्यात, एकाच शहरात, वैद्यकाची ही दोन रूपे लोकांना दिसली. त्यांतले कोणते मनात घर करून राहिले असेल ते सांगायला नको.

याच काळात केडगावचे नाव पुढे येते. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील दुष्काळातून शेकडो विधवा व अनाथ मुली सोडवून आणल्या होत्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे एवढ्या मुलींना शारदा सदनात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून दौंड तालुक्यातल्या केडगावच्या शेतात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. आज जे मुक्ती मिशन आपण पाहतो त्याची सुरुवात अशी झाली. रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या आणि पंथांपेक्षा ख्रिस्तावर त्यांचा भर अधिक होता, हे आपण जाणतोच. येथे आम्हांला त्यांची आठवण निराळ्या कारणाने होते.

१८९७ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' पत्रात रमाबाईंनी एक पत्र प्रसिद्ध केले. पुण्याच्या प्लेग इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांच्या अब्रूच्या रक्षणाची धड व्यवस्था नाही, असा त्यांचा आरोप होता. त्यांच्या आश्रमातील एका मुलीला तेथे नेण्यात आले होते आणि तिचे पुढे जे झाले ते त्यांनी उघडपणे लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळला, विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत प्रकरण गेले. त्याच उन्हाळ्यात विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सोजिरांच्या अत्याचारांबद्दल तेथील वृत्तपत्राला माहिती दिली, पण परतल्यावर पुरावा उभा करता न आल्यामुळे त्यांना जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. त्या बोलत होत्या ते स्वतःच्या हाताखालच्या मुलीविषयी आणि नावनिशीवार ठाऊक असलेल्या ठिकाणाविषयी.

रमाबाईंच्या पत्राचा रोख आमच्या मते मोलाचा आहे. प्लेग खोटा आहे, असे त्या म्हणाल्या नाहीत. रोग्यांना वेगळे ठेवू नये, असेही नाही. शहरातल्या संसर्गापासून मुलींना दूर नेण्याची व्यवस्था तर त्यांनी स्वतःच केली होती. त्यांची तक्रार एका इस्पितळाची, एका छावणीची, तेथल्या पहाऱ्याची होती. तिचे उत्तर देता आले असते, चौकशी करता आली असती, पहारा बदलता आला असता. आर्थर रोडवर दगड घेऊन आलेल्या जमावाच्या शंकेला मात्र कोणतेच उत्तर पुरले नसते, कारण इस्पितळाने जे काही केले असते ते मोमियाईचाच पुरावा ठरले असते. रास्त शंका ओळखण्याची खूण आम्हांला येथे सापडते : कोणते उत्तर मिळाले तर आपले समाधान होईल, हे तिला सांगता येते.

आता टोचणीकडे वळू. ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांना सरकारने मुंबईस बोलावले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्यांनी प्लेगाची लस तयार केली. मांसाच्या रश्शात जंतू वाढवायचे, उष्णता देऊन मारायचे आणि कार्बोलिक घालून ते टिकवायचे, अशी ती पद्धत. धर्मभावना दुखावू नयेत म्हणून रस्सा बोकडाच्या मांसाचा केला जाई आणि जंतूंची वाढ जोमाने व्हावी म्हणून त्यावर तुपाचे थेंब सोडले जात. चंबूत तुपाखाली जंतूंच्या लोंब्या लोंबत! स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी प्रयोगशाळेत केलेली ही कामगिरी आमच्या सुगरण भगिनींना आवडेल. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली असता कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना टोचले. न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडून ६ दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही झाला नाही. तुरुंगातल्या माणसाच्या 'तयारी'ला किती स्वेच्छा म्हणावे, हा प्रश्न आज आपण विचारलाच पाहिजे.

मग दमण. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या गावात १८९७ साली मोठी साथ आली. ८,२३० वस्तीपैकी २,१९७ जणांनी टोचून घेतले. त्यांतले ३६ मेले. न टोचलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मेले. आकडे बोलके आहेत खरे, पण चिकित्सक माणूस येथेही थांबणार नाही. टोचून घ्यायला पुढे आले ते सुखवस्तू, हवेशीर घरात राहणारे असतील. लशीमुळे वाचले कशावरून? ही शंका बिनतोड आहे आणि कौतुकाची गोष्ट अशी, की हाफकिन यांनी तिला उत्तर दिले. १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना तसेच ठेवले. म्हणजे घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ मेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ मेले. त्या २६ जणांची आठवण झाली की प्रयोगाचे कौतुक करताना आमची जीभ थोडी अडखळते. तरीही त्यानंतर लशीचा गुण नाकारणे कठीण झाले.

असो. कथा येथेच संपती तर सोपे होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस ज्यांना मिळाली ते १९ जण धनुर्वाताने मेले. लस आली होती परळच्या प्रयोगशाळेतून. हाफकिन यांनी मधल्या काळात कार्बोलिक वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांची नोकरी गेली. पुढे कागदपत्रे उघड झाली तेव्हा दिसले, की बाटली उघडताना गावातील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून वापरला गेला होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञ यांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले. त्या वर्षाअखेर हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले.

शास्त्रज्ञाला न्याय मिळायला पाच वर्षे लागली. लोकांच्या मनातली लस त्या आधीच मेली होती. पंजाबात मोठ्या प्रमाणावर हाती घेतलेली टोचणीची मोहीम बसली. १९०७ साली एकट्या पंजाबात प्लेगाने ६ लाखांहून अधिक माणसे नेली. त्या सर्वांचा हिशेब मुलकोवालच्या बाटलीवर मांडणे अन्यायाचे होईल. पण ज्या घरात कोणी म्हणाले असेल, "लस नको, तिने माणसे मरतात", तेथे ते वाक्य खोटे नव्हते आणि तरीही घातक होते. दौंडच्या त्या घरात आम्ही हेच ऐकून आलो होतो.

सरकार व डॉक्टर मंडळींचेही एक कर्ज येथे मान्य केले पाहिजे. १८९७ च्या मोहिमेत कौले काढली, जमिनी उकरल्या, मोऱ्या धुतल्या, चुना आणि कार्बोलिक ओतले. रोग घाणीत आणि हवेत आहे, या समजुतीवर हे सारे उभे होते. परिणाम इतकाच, की उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात गेले. खेड्यातला शेतकरी मात्र म्हणत होता, घरात उंदीर पडला की गाव सोडावे आणि माळावर झोपडी घालावी. हे शहाणपण कोणत्याही समितीपेक्षा बरोबर होते. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले, की उंदरावरची पिसू प्लेग पसरविते. तर वैद्यकातल्या धुरीणांनीच त्यांची टर उडविली. ते मान्य व्हायला जवळजवळ दहा वर्षे गेली आणि त्याचा पक्का पुरावा पुन्हा परळलाच मिळाला. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात पलिष्टी लोकांनी गाठींच्या आणि उंदरांच्या सोन्याच्या प्रतिमा अर्पण केल्याची कथा आहे. ती उपासनेत वाचली जाताना कोणाही डॉक्टरच्या कानावर पडली नसेल काय, असे आम्हांला गमतीने वाटते.

शास्त्रग्रंथाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची कथा मार्क सांगतो तेव्हा तो डॉक्टरांवर चांगलाच घसरतो : तिने सर्वस्व खर्चिले आणि दुखणे उलट वाढले. तीच कथा लूकही सांगतो, पण तो वाढल्याचा भाग गाळतो. लूक स्वतः वैद्य होता! व्यवसायबंधूंना सांभाळून घेण्याची प्रथा किती जुनी आहे पाहा. आणि त्याच पवित्र शास्त्रात बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो, कारण औषधी परमेश्वराने जमिनीतून उगवल्या आहेत. दोन्ही वचने एकाच बायबलात आहेत. त्यांतले एकच पान फाडून खिशात ठेवण्याची मुभा आपल्याला नाही.

प्लेगाच्या वर्षांत आपल्या पूर्वजांनी काय केले? मुंबईत आणि वांद्र्याला गल्ल्यांच्या तोंडाशी त्या काळी उभारलेले क्रूस अजून आहेत. संत सेबॅस्टियन आणि संत रोक यांच्या नवसांच्या कथा घरोघर आहेत. क्रूसापुढे मेणबत्ती लावणारी आणि दुसऱ्या दिवशी टोचायला बाही वर करणारी माणसे तीच असत. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही.

कोरोनाच्या वर्षांत आम्हांला शिरूर-दौंड परिसरात पुष्कळ प्रश्न ऐकावे लागले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस पाडलेल्या गर्भापासून करतात, तर ती ख्रिस्ती माणसाने घ्यावी काय, असे एका मातेने विचारले. हा प्रश्न फालतू नव्हता. त्या लशीच्या निर्मितीत वापरलेल्या पेशी अनेक दशकांपूर्वीच्या एका गर्भाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवीत आणलेल्या होत्या. २१ डिसेंबर २०२० रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने या प्रश्नाचे उत्तर दिले : निर्दोष लस उपलब्ध नसेल तर ही घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे, मात्र गर्भपाताला संमती असा त्याचा अर्थ होत नाही, आणि लस घेणे स्वेच्छेचे असावे. ती माता उत्तर ऐकून घरी गेली आणि पुढच्या आठवड्यात केंद्रावर रांगेत उभी राहिली. दुसरे एक गृहस्थ मात्र शंका फेडली की नवी घेऊन येत. लशीत चुंबक आहे, नंतर लशीत यंत्र आहे, नंतर आणखी काही. २०२१ च्या वसंतात त्या लशीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात हे युरोपात उघड झाले आणि काही देशांनी तरुणांना ती देणे थांबविले, तेव्हा ते विजयी मुद्रेने आले. दोष शोधला कोणी, असे आम्ही विचारले. तो डॉक्टरांनीच शोधला होता आणि छापलाही होता.

तरीही आम्ही या गृहस्थांना हसत नाही. पाटस आणि न्हावरे येथील कारखान्यांच्या गळितासाठी वर्षानुवर्षे बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येत आल्या आहेत. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीत कामाचा खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, आणि कोठे तरी कोणाचे बिल व्हावे, या साऱ्यांचे हे फळ. आमच्या दौंडच्या मावशी ऊसतोड मजूर नाहीत, पण त्यांचे दुःख त्याच जातीचे आहे. अशा बाईला किंवा तिच्या नवऱ्याला "विज्ञानावर विश्वास ठेवा" असे व्यासपीठावरून सांगणे आम्हांला जमत नाही. विश्वास मिळवावा लागतो, आणि तो मिळविण्याची पाळी आधी इस्पितळाची असते.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो, आणि रमाबाईंच्या पत्राची हकिकत काकांना सांगितली. ते केडगावच्या स्थानकावर काही वर्षे कामाला होते, त्यामुळे त्यांना ती आपल्या घरची गोष्ट वाटली. आम्ही एवढेच म्हटले, "तुमची तक्रार त्या इस्पितळाविरुद्ध आहे. ती लेखी करा, आम्ही बरोबर येतो. पण या पायाने तुमचे काय वाकडे केले आहे?" तक्रार त्यांनी लिहिली. शिवाय एका वहीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिले. पाय कापावा लागेल काय. गोळ्या जन्मभर का. काढ्याने मूत्रपिंडाला इजा होते हे कशावरून. कोणती तपासणी टाळता येईल. एकूण सात प्रश्न झाले. अक्षर रेल्वेच्या नोंदवहीतल्यासारखे स्वच्छ.

दुसऱ्या एका डॉक्टरांकडे आम्ही त्यांना घेऊन गेलो. मावशीही आल्या. डॉक्टर वयाने लहान होते, बाहेर गर्दी होती, तरी त्यांनी वही हातात घेतली आणि एकेक उत्तर दिले. सहाव्या प्रश्नाला ते थांबले आणि म्हणाले, "हे मला नक्की सांगता येणार नाही. पुण्याला माझ्या सरांना विचारून कळवितो."

अंगठा गेला, पाय राहिला. पण त्या दिवशी बाहेर बाकावर बसून चपलेचा पट्टा लावीत काका मावशींना म्हणाले, "ठाऊक नाही म्हणाला बघ तोंडावर. ह्याच्याकडे पुन्हा यायला हरकत नाही."